आबा मुळात गोरेच होते

ड्रॉइंग मास्तर म्हणून कवठे महांकाळात आयुष्य गेलं आणि शाळा सुटल्यावर पोर्ट्रेट करून प्रपंचाला हातभार लावला. तालुक्यातल्या घराघरांत सोप्याच्या भिंतीवर हार घालून टांगलेले जे आजोबा-पणजोबा दिसतात, त्यांतले बरेचसे माझ्या हातचे. आता डोळे थोडे दगा देतात आणि ऑर्डरी फ्लेक्सवाल्यांनी पळवल्या. म्हणून बसल्या बसल्या मोबाईलवर दुसऱ्यांची चित्रं बघतो. गेली काही वर्षं अमेरिका, इंग्लंड, घाना, नायजेरिया इथल्या कृष्णवर्णीय चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांनी मला चांगलंच कामाला लावलंय. त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवतो. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. काळा रंग वापरूनही चेहरा जिवंत होतो. आमच्या वेळी डिप्लोमाच्या वर्गात पहिला दंडक असा की काळी ट्यूब घरी ठेवून यायची. गडद हवं तर बर्न्ट अंबर घ्या, अल्ट्रामरीन घ्या, थोडं क्रिमझन घाला. काळ्यानं चित्र मरतं. हा दंडक मी पुढं शेकडो पोरांच्या माथी मारला. आणि मग केरी जेम्स मार्शल बघितला. १९५५ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस माणसं रंगवतो ती चक्क काळीच. सावळी नाहीत, तपकिरी नाहीत, काळी. मोबाईलवर पहिल्यांदा बघताना वाटलं, कागद कापून चिकटवलाय. स्क्रीनचा उजेड वाढवला तसा गाल वर आला, नाकपुडी दिसली, ओठाची कड सुटी झाली. त्याच्याकडं काळे तीन: हाडं जाळून केलेला, काजळीचा आणि लोखंडाच्या गंजाच्या जातीचा. त्यांत तो कुठं निळा, कुठं हिरवा, कुठं जांभळा मिसळतो. एक काळा थंड, दुसरा गरम. १९८० मध्ये त्यानं अंड्याच्या बलकात रंग कालवून एक छोटं चित्र केलं होतं. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस हसतोय आणि दिसतात ते फक्त डोळे, सदरा आणि फट पडलेले दात. लोकांना आपण एवढेच दिसतो, असं म्हणायला त्याला एक वीतभर चित्र पुरलं.

२. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीतून उभा राहतो, काळ्या चेहऱ्याचा उजेडातून. पुस्तकात हे असेलही; मला ते बेदाण्याच्या शेडवर दिसलं. दुपारी तीनच्या सुमाराला बायका बेदाणा निवडत बसलेल्या असतात. वर हिरवी जाळी, बाजूनं उघडं आभाळ. त्यांतल्या सगळ्यात काळ्या बाईच्या गालफडावर त्या वेळी जो चकाकता ठिपका असतो तो पांढरा नसतो. एका कडेनं तो निळसर असतो, कारण तिथं आभाळ उतरलेलं असतं, आणि दुसऱ्या कडेनं हिरवट, कारण तिथं जाळी. हनुवटीखालची सावली मात्र तांबूस, जवळजवळ ऊबदार. पांढरा घालून तो ठिपका काढला की चेहऱ्यावर पावडर सांडल्यासारखी दिसते. निळा-करडा घाला, बाई श्वास घ्यायला लागते.

३. गिऱ्हाईक सारखेपणा विकत घेत नाही. सारखेपणा अधिक दोन छटा विकत घेतं. माझ्या सगळ्या धंद्यात, अमुक माणूस काळा होता असं त्याच्या घरच्यांनी कबूल केल्याचं मला आठवत नाही. "सर, आबा उन्हानं रापलं होतं हो. मुळात गोरंच होतं." या दुष्काळी तालुक्यात म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधी जे जे जन्मले, राबले आणि गेले ते सगळे मुळात गोरे होते, असं माझ्या ऑर्डरींच्या वहीवरून कुणीही सिद्ध करू शकेल. आम्हाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तासगावच्या सौद्यात हिरव्या-पिवळ्या बेदाण्याला काय भाव फुटतो आणि काळ्याला काय, हे पोराला चालता यायच्या आधी कळतं; माल उजळावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तसा मी यलो ऑकर देत आलो. आणि गंमत बघा, ज्या गावाच्या नावातच महांकाली आहे त्या गावात हे चालतं. विठोबालाही कॅलेंडरवाले निळा करूनच घरात घेतात.

४. व्यक्तिचित्रात माणसाच्या मागं काय आहे, याचा निर्णय चेहऱ्याइतकाच मोठा असतो. २०१८ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ओबामा पतिपत्नीची चित्रं लागली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही आली आणि सगळे हसले. नवऱ्याच्या मागं झुडपं, बायकोचा चेहरा राखाडी! मीही हसणाऱ्यांतच होतो. नंतर एकेक कळत गेलं. केहिंदे वायलीनं ओबामांच्या मागच्या हिरवाईत फुलं घातली ती हिशोबानं: शिकागोची शेवंती, हवाईची चमेली आणि केनियाची निळी आफ्रिकन लिली. माणसाचा सगळा गोतावळा झाडोऱ्यात. आमच्याकडं पूर्वी फोटो स्टुडिओत रंगवलेले पडदे असायचे. त्यावर महाल, कारंजं, हंस. पुढं धोतर सावरत बसलेला शेतकरी. वायलीची जात तीच, फक्त तो राजेशाही थाट साध्या, रस्त्यावरून बोलावून आणलेल्या तरुणांना देतो आणि अजिबात लाजत नाही. २०१० मध्ये त्यानं भारत आणि श्रीलंकेवरही अशी मालिका केली होती.

मिशेलबाईंचं चित्र करणाऱ्या एमी शेराल्डचा राखाडी मला जास्त उशिरा उलगडला. काळ्यात नेपल्स यलो मिसळून ती तो करते. कातडीचा रंगच काढून घेतला की बघणाऱ्याला आधी रंग बघून मग माणूस बघायची सोय उरत नाही. हे पटायला मला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर अजून पूर्ण पटलेलं नाही. आम्ही इकडं रंग लपवण्यात आयुष्य घालवलं, आणि ही बाई तो मुद्दाम बाजूला ठेवते. दोन्हींत फरक आहे, पण तो मला नीट सांगता येत नाही. त्या चित्रातला झगा मात्र एका झटक्यात आवडला. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका चिंध्या जोडून ज्या गोधड्या शिवतात त्यांची आठवण त्या झग्यानं झाली, असं शेराल्डनं सांगितलंय. आमच्या वाकळेचीच बहीण. येल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदीसुद्धा तीच.

५. काळ्या माणसाचं मानानं केलेलं व्यक्तिचित्र आपल्याच मुलखात फार पूर्वी झालं होतं. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त लागलं. आमचा हा भाग आदिलशाहीतला. जतवरून सरळ गेलं की विजापूर. शाळेची सहल दरसाल गोलघुमट बघायला जाते, पोरं वर चढून एकमेकांच्या नावानं ओरडतात आणि सात वेळा ऐकून खूश होऊन परततात. घुमटाखाली निजलेला मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला. त्याच्या दरबारातला एक फार वजनदार माणूस होता इखलास खान. मूळचा मलिक रैहान, हबशी, गुलाम म्हणून आलेला. साधारण १६४५ च्या सुमाराला हैदर अली आणि इब्राहीम खान या दोन चितारींनी एक चित्र केलं: एका हत्तीवर पुढं सुलतान आणि मागं इखलास खान. खानाचा रंग जसा होता तसाच, गडद. त्याला उजळवलेलं नाही आणि विद्रूपही केलेलं नाही. अंगावरचं वस्त्र भारी, बसण्यात संकोच नाही. त्याचं आणखी एक चित्र अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संग्रहालयात आहे; त्यात तो हातात कुणाचा तरी अर्ज घेऊन उभा आहे. कामाचा माणूस. तहसीलदार कचेरीत अर्ज घेऊन ताटकळणारे आम्ही. अर्ज घेणारा हबशी असू शकतो हे चित्र डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं.

मलिक अंबरचंही तसंच. इथिओपियातल्या हरारकडचा हा मुलगा, चापू नावाचा. विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनला आला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, ती पुढं औरंगाबाद झाली. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. हाशिम नावाच्या चितारीनं केलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: बाजूनं दिसणारा चेहरा, पांढरा जामा, भरलेला देह, आणि कुणाची पर्वा नसल्यासारखा उभा. आता याच्या शेजारी डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातलं अबुल हसनचं चित्र ठेवा. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. जवळ घुबड. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये आपल्या मरणानं गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. रणात जे जमलं नाही ते चितारीकडून करून घेतलं. व्यक्तिचित्राचा हाही एक उपयोग, आणि तो अजून बंद पडलेला नाही.

मग मला आमची चित्रकला स्पर्धा आठवते. विषय पावनखिंड. बाजीप्रभूंच्या दोन तलवारी, आणि पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. शत्रू तो होताच, त्यात वाद नाही. पण अफझलखान काढताना पोरं देह वाढवतात, मिशा वाढवतात, काहीतरी कष्ट घेतात. जौहरला नुसता काळा फासला, डोळे तांबडे केले की भागतं. ते पोरांना कुणी शिकवत नाही, आणि कुणी पुसतही नाही.

६. लेखणी इथं कुंचल्याच्या फार पुढं होती. मूळ घराणं आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. शंभर वर्षांच्या अंतरानं दोनदा मराठी माणसानं तो समुद्र ओलांडला. चित्रकलेत माझ्या पाहण्यात तरी असं काही नाही. आम्ही ऑर्डरी घेत होतो.

७. "आम्हीपण काळेच की" असं म्हणणं फार सोपं आहे. मीही म्हणून पाहिलं, बरं वाटतं. पण जहाजाच्या तळाशी साखळीनं बांधून विकायला नेलेल्यांच्या नातवंडांची चित्रं आणि उन्हात रापलेल्या बागाईतदाराचं पोर्ट्रेट या एका भावाच्या गोष्टी नव्हेत. आपल्याकडं रंगात जात मिसळलेली, जातीत ऊन, उन्हात हुंडा. ते सुटं करून बघणं हे आपलं वेगळं काम आहे. आणि कुणाला फारच भाऊबंदकी वाटत असेल तर त्यानं पुण्यात शिकायला आलेल्या एखाद्या आफ्रिकन पोराला, भाड्यानं खोली शोधताना काय काय ऐकलंस, एवढं विचारावं.

८. साहित्य नाही ही सबब खोटी असते. नायजेरियात जन्मलेल्या टोयिन ओजिह ओडुटोला हिनं सुरुवातीची नाव झालेली चित्रं बॉलपेननं केलीत. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, आणि कातडी दोरखंडासारखी वळत, चमकत जाते. एका मुलीला ती दाखवली. तिनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर निळ्या पेननं शेजारच्या बाकावरची मैत्रीण काढली, कागद फाटेस्तोवर. मी आयुष्यात केलेल्या कुठल्याही तैलचित्रापेक्षा ते बरं होतं. पाठीमागं बीजगणित होतं, ते दिसत होतं.

९. काळ्या रंगाचा भाव शेवटी बाजार ठरवतो, आणि तो चित्रकाराला विचारत नाही. मार्शलचं ‘पास्ट टाइम्स’ हे १९९७ चं भलंमोठं चित्र, त्यात काळी कुटुंबं सुटीच्या दिवशी पाण्याकाठी मजेत आहेत. शिकागोच्या एका सरकारी संस्थेनं ते पंचवीस हजार डॉलरला घेतलं होतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते दोन कोटी अकरा लाखांना गेलं, तेही डॉलर. अशा फेरविक्रीत चित्रकाराला वाटा देण्याची रीत अमेरिकेत नाही.

आमच्याकडं दोन कोटींचा प्रश्न येत नाही. मध्ये एक जण आईचं पोर्ट्रेट करायला आला. फोटो उत्तम, बाई काळीभोर, गालावर उजेड असा की मला आधीच हात शिवशिवायला लागले. मी म्हटलं, "आईचा रंग आहे तसाच ठेवू या." तो विचारात पडला. मग म्हणाला, "चालंल की सर. पण मग थोडं कमी करा. उजळ करायची मेहनत वाचली तुमची." मी त्याला समजावलं की काम उलट वाढतं, पातळ थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो, तसंच ठेवायचं तर हजार रुपये जास्त पडतील. त्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं फोटोकडं बघितलं.

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "उजळच करा."

मी ॲडव्हान्स घेतला.