पुढचा रोलर कोस्टर कुठे?

प्रश्न : नातू ओहायोत असतो, कोस्टरचं भलतंच वेड. नवा कोस्टर कुठल्या पार्कात येणार, हे आधी ओळखता येतं का?

उत्तर : बऱ्यापैकी. जाहिराती सोडा, सरकारी नोंदी बघा. अमेरिकेत 200 फुटांहून उंच काही उभारायचं तर विमान वाहतूक खात्याला आधी कळवावं लागतं. नावांचे ट्रेडमार्कही नोंदवतात. पण नुसत्या नावावर विसंबू नका, कित्येक नावं तशीच पडून राहतात.

माझा भरवसा बंद पडलेल्या राइडवर. ओहायोतल्याच सीडर पॉइंटचा ‘मीन स्ट्रीक’ हा लाकडी कोस्टर 2016मध्ये बंद झाला, सांगाडा मात्र बराचसा उभाच ठेवला. त्यावर पोलादी रूळ चढवून 2018मध्ये ‘स्टील व्हेन्जन्स’ सुरू झाला. बंद राइड पाडायला कोणी घाई करत नसेल, तर नातवाला तिथे लक्ष ठेवायला सांगा.