पाणथळीतील वनस्पतींची चढाओढ

पाटण येथे केरा नदी कोयनेस मिळते. या खोऱ्यातील भातखाचरे पीकपाहणीच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ वर्षे पाहिली आहेत. पाण्यात एक वनस्पती, चिखलात दुसरी व बांधावर हरळी, असे निरनिराळे पट्टे तेथे आढळतात. जिला जी जागा मानवते तेथे ती उगवते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो अर्धाच खरा होय.

अमेरिकेतील मिशिगन प्रांतात ग्रेस व वेट्झेल या शास्त्रज्ञांनी पाणकणसाच्या दोन जातींवर केलेले प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाले. रुंद पानांची जात उथळ पाण्यात वाढते व अरुंद पानांची खोल पाण्यात. परंतु अरुंद पानांची जात एकटीच लावली असता ती उथळ पाण्यातही उत्तम फोफावली. अर्थात, शेजारणीने रेटल्यामुळेच तिने खोल पाण्याचा आश्रय केला होता.

भाताचेही काहीसे असेच आहे. भाताच्या काही जाती कोरडवाहू जमिनीतही पिकतात. मात्र भाताच्या देठातील पोकळ्यांतून मुळांस हवा पोचते, म्हणून तो साचलेले पाणी सोसतो. पुष्कळ तणांच्या बिया पाण्याखाली हवेवाचून रुजतच नाहीत. तेव्हा खाचरातील पाणी ही भाताची ढाल होय.

म्हणून लावणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे, रोपे सावरताच, खाचरात दोन-तीन बोटे पाणी राखावे व खेकड्यांनी बांधास पाडलेली भोके तत्काळ बुजवावीत. पाण्यातही तगणारी तणे फुलावर येण्यापूर्वी हातानेच उपटावीत. एकदा पाणी निसटले की शेत तणाचे झाले, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये.