छोटा हॉल, नवा नाटककार

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलमध्ये एकच प्रश्न फिरतो, "यंदा एकांकिका कोणती?" मग कुणीतरी गाजलेली छापील संहिता घेऊन येतं. आपल्याच मजल्यावरच्या पोरानं लिहिलेली वही मात्र कॉटखालच्या पेटीतच राहते. का, तर "पडली म्हणजे?"

ही भीती खोटी नाही. मोठ्या थिएटरचं भाडं, नेपथ्य, जाहिरात हा खर्च निघायला शेकडो खुर्च्या भराव्या लागतात. तिथे अनोळखी नावावर पैसा कोण लावणार? छोट्या रंगमंचाचं गणित वेगळं आहे. खर्च कमी, म्हणून पडण्याची किंमतही कमी. पन्नास माणसं आली तरी प्रयोग होतो आणि प्रेक्षक कुठे हसला, कुठे चुळबुळला, हे लेखकाला समोर दिसतं. आपल्या भाषेत हे टेस्टिंगच!

मुंबईत हे घडलेलं आहे. अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ साली 'आविष्कार' ही संस्था काढली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी प्रायोगिक नाटकं सुरू केली, इतर संस्थांनाही तिथे जागा मिळाली. एवढ्या मोठ्या चळवळीला नाव पडलं ते एका शाळेचं!

आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथा'त छापून आली. ती विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि त्यांनी या नव्या लेखकाच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. त्यांतली 'होळी' तर होस्टेलच्या पोरांचीच गोष्ट. तिच्यावर केतन मेहतांनी १९८४ मध्ये सिनेमा काढला. म्हणजे आपल्या खोल्यांत नाटक आहे, हे सिद्ध झालेलंच आहे.

मग आपण काय करावं? माझ्या मते महिन्यातून एका रविवारी सेमिनार हॉलमध्ये नव्या संहितेचं वाचन ठेवावं. लेखकानं मध्ये न बोलता ऐकावं, चर्चा नंतर. निवडलेल्या संहितेचे प्रयोग एक नाही, दोन व्हावेत. पहिल्यात जे ढिलं वाटलं ते दुसऱ्यात कसता येतं. भाषा वऱ्हाडी असली तरी लाजायचं कारण नाही. घरी आपण तीच बोलतो.

यासाठी ग्रँट लागत नाही. चार ट्यूबलाइट, साठ खुर्च्या आणि सरांकडून हॉलची किल्ली, बस्स. वही पेटीतून काढायचं काम तेवढं ज्याचं त्यानं करावं.