ऑइल कॅच कॅन बसवू का?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी ४० हजार किलोमीटर चालली आहे. इंटरकूलरच्या पाइपात तेल दिसलं. मित्र म्हणतो, ऑइल कॅच कॅन लाव. लावू का?

उत्तर : पाइपात थोडा ओशटपणा असला तर घाबरू नका. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू कडेने निसटून क्रँककेसमध्ये उतरतोच. तिथल्या तेलाचे बारीक कण घेऊन तो पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे पुन्हा इनटेकमध्ये येतो. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे तापलेल्या व्हॉल्व्हवर तेल करपत राहतं आणि काळं कीट धरतं, जुन्या तव्याच्या कडेला धरतं तसं.

कॅच कॅन या वाटेतच बसतो. आतल्या जाळीवर आदळून कण एकत्र येतात, थेंब होऊन तळाशी साचतात. बिनजाळीचा स्वस्त डबा मात्र घेऊच नका.

तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं नसेल तर हा खर्च टाळा. असेल तर जरूर बसवा, पण वॉरंटीचं आधी विचारून घ्या. सुरुवातीला दर हजार किलोमीटरला डबा उघडून पाहा. थंडीत, जवळजवळच्या फेऱ्यांत त्यात ताकासारखं पिवळट पाणी निघेल. ते बहुधा बाष्पाचं असतं. कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅसकेट लगेच तपासून घ्या.