बांधावरची चिंच कुंडीत आणण्यापूर्वी

प्रश्न : बांधावर आपोआप वाढलेली चिंच बोन्सायसाठी काढण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

उत्तर : रानातल्या झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून लांब पसरलेली असतात. झाड एकदम उपटले तर तीच तुटतात आणि जाड, निरुपयोगी मुळे तेवढी हाती लागतात. म्हणून खोडाजवळ तंतुमुळांचा गड्डा जमिनीतच तयार करून घ्यावा लागतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी, मनगटाएवढ्या खोडापासून साधारण वीतभर अंतरावर अर्धवर्तुळाकार चर खणावा. आडवी आलेली मुळे धारदार करवतीने स्वच्छ कापावीत; कुदळीने ठेचलेले मूळ कुजते. चरात वाळू व कुजलेले शेणखत भरून ओल टिकवावी. कापलेल्या टोकांजवळ नवी मुळे फुटतात. उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी. या काळात फांद्यांची जबर छाटणी टाळावी, कारण नव्या मुळांना अन्न पानेच पुरवतात. चिंचेचे सोटमूळ खोल जाते. ते दुसऱ्या वर्षी बाजूने खणून तोडावे. तिसऱ्या पावसाळ्यात झाड गड्ड्यासह उचलावे. घाई करणाऱ्यांची बहुतेक झाडे इथेच दगावतात.

जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी. राखीव वनातून झाड काढणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे.