लिंक्डइनसाठी छायाचित्र कसे निवडावे

आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे अर्ज पूर्वी टपालाने जात. आता बऱ्याच नोकऱ्यांचा शोध लिंक्डइनवरून सुरू होतो. 2003 साली सुरू झालेल्या या व्यावसायिक परिचयाच्या दालनात नावाशेजारी एका लहानशा वर्तुळात आपले छायाचित्र दिसते. गेल्या वर्षी आम्ही काही मुलांची अशी पाने पाहावयास बसलो आणि थक्क झालो. एका हुशार मुलाने मुंजीतल्या समूहचित्रातून आपला चेहरा कापून घेतला होता. खांद्यावर कोणा मावशीचा हात तसाच राहिला होता! दुसऱ्याने चार बोटांएवढा डोंगर व त्यापुढे मुंगीएवढा आपण, असे चित्र लावले होते. मुलांना दोष कसा द्यावा? आपल्याकडे नीट बसून फोटो काढायचा तो एक पारपत्रासाठी, नाहीतर स्थळ दाखविण्यासाठी. पहिल्यात माणूस घाबरलेला दिसतो, दुसऱ्यात नटलेला. कामाच्या ठिकाणी दोन्ही उपयोगी नाहीत.

छायाचित्राला इतके महत्त्व का, असे कोणी विचारील. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विलिस व टोडोरोव्ह यांनी 2006 साली प्रयोग करून दाखविले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणूस त्याच्या विश्वासूपणाविषयी व कर्तबगारीविषयी मत बनवितो. ते मत खरे असतेच असे नाही. पण ते बनते, आणि बिचाऱ्या उमेदवाराला त्याची वार्ताही नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत मोठी चूक म्हणजे हात लांब करून स्वतःच स्वतःचा फोटो काढणे. भिंग इतके जवळ आले की नाक त्याच्या पुढ्यात येते व कान मागे पडतात. म्हणून नाक फुगते आणि चेहरा निमुळता होतो. 2018 साली अमेरिकेतील वैद्यांनी याचे गणितच मांडले. बारा इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाक पाच फुटांवरून घेतलेल्या चित्रापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासते. तेव्हा घरातल्या कोणाला तरी पाच-सहा फुटांवर उभे करावे आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर धरावयास सांगावा. खिडकीकडे तोंड करून सकाळच्या मऊ उजेडात बसावे. खिडकी पाठीमागे ठेवली तर चेहरा काळवंडतो. मागे साधी भिंत असावी. कॅलेंडर, देव्हारा, दोरीवरचे कपडे नकोत. वर्तुळात डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग येऊन चेहऱ्याने निम्म्याहून अधिक जागा व्यापावी. पोशाख, ज्या कामाची अपेक्षा आहे त्या कामाला पहिल्या दिवशी जाताना घालाल तो. हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले म्हणजे झाले. एकच फोटो काढून थांबू नये. वीस-पंचवीस काढून त्यांतला एक, आपल्याला आवडणारा नव्हे, तर तिऱ्हाइताला ओळखू येईल असा निवडावा. चित्र निदान 400 पिक्सेल लांब व तितकेच रुंद असावे. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र दबून बारीक होते, म्हणून ते दस्तऐवज म्हणून पाठवावे.

यंत्राकडून चेहरा गोरा, गुळगुळीत करून घेण्याची किंवा न घातलेला कोट चढवून घेण्याची सोय आता झाली आहे. आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. मुलाखतीला गेल्यावर समोरच्याने पडद्याकडे व आपल्याकडे आळीपाळीने पाहावे, ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

मुलींच्या फोटोबाबत पालक बिचकतात. त्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही, कारण ठेवलेले चित्र कोणीही उतरवून घेऊ शकतो. आपल्या इंदुरातच नकाशे काढण्याच्या नोकरीत असताना कॅमेरा हाती घेतलेले आणि पुढे हैदराबादेत निजामाचे छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ (1844–1905) यांनीही ही अडचण ओळखली होती. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी 1892 साली हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला व त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. लिंक्डइनवरही आडपडदा ठेवता येतो. आपले चित्र केवळ ओळखीच्यांना दिसावे, सर्व सभासदांना दिसावे की साऱ्या जगाला, हे सेटिंगमध्ये ठरविता येते. नोकरी शोधताना ते सभासदांपुरते खुले ठेवावे, म्हणजे नेमणूक करणाऱ्यांना दिसते. घरच्या सणासमारंभांची चित्रे मात्र तेथे मुळीच ठेवू नयेत. अमेरिका व ब्रिटन येथे अर्जाच्या कागदावर फोटो चिकटविण्याची चाल नाही, हेही तिकडे अर्ज करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

दोन-तीन वर्षांनी चित्र बदलावे. दाढी ठेवली, चष्मा लागला, तर त्याआधीही. आमचे स्वतःचे चित्र अकरा वर्षांपूर्वीचे निघाले. नातीने ते पाहून विचारले, ‘आजोबा, हे काका कोण?’ दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही खिडकीपाशी खुर्ची मांडली.