डायलिसिसच्या रुग्णाला शौचास काळे झाले तर

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या घरात सर्वांचे लक्ष तीन गोष्टींवर असते. पाणी किती प्यायले, वजन किती वाढले आणि डायलिसिसचा वार चुकला तर नाही ना. हे योग्यच आहे. परंतु चौथी एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, आणि ती म्हणजे शौचाचा रंग. त्या संकोचापायी दोन-दोन दिवस फुकट जातात. म्हणून आजचा लेख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला जात असत. एके दिवशी सकाळी गाडी पकडण्याआधी ते माझ्या दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, जरा चक्कर येतेय. एखादं शक्तीचं इंजेक्शन द्या, म्हणजे डायलिसिस चुकायचं नाही." रक्तदाब पाहिला तर ११०/७०. त्यांचा मुलगा खूश झाला, "आज बी.पी. एकदम चांगलं आहे!" एरवी त्यांचा वरचा आकडा १६०च्या खाली येत नसे. नाडीही शांत होती. खरे सांगायचे तर मीदेखील 'अशक्तपणा' असे लिहून मोकळा होणार होतो. तेवढ्यात मागे बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "परवापासून यांना शौचाला काळं होतंय. पण ते लोहाच्या गोळीनं होतं ना?"

लोहाची गोळी केव्हाच बंद झाली होती. डायलिसिस करतानाच त्यांना लोहाचे इंजेक्शन मिळत असे. थोडे खोदून विचारल्यावर कळले की गुडघा दुखतो म्हणून गुरुजी आठ-दहा दिवस औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून दिवसातून दोनदा घेत होते. जठरात जखम होऊन रक्त वाहत होते. ११०चा रक्तदाब हा चांगला नव्हता, घसरलेला होता. आणि नाडी वाढलेली नव्हती ती रक्तदाबाच्या एका गोळीमुळे, कारण त्या गटातील औषधे नाडीचा वेग रोखून धरतात. म्हणजे रक्तस्रावाच्या दोन्ही खुणा झाकल्या गेल्या होत्या. उरली होती ती काकूंनी सांगितलेली एकच.

अशा रुग्णाला रक्तस्राव सहज का होतो आणि तो जिवावर का बेततो, हे समजून घेऊ. डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट' हा शब्द आता सर्वांना ठाऊक झाला आहे. रक्त थांबवण्यासाठी जखमेवर सर्वप्रथम धाव घेतात त्या या प्लेटलेट. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तात त्यांची संख्या बहुधा पुरेशी असते, पण रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे त्या आळसावलेल्या असतात. कागदावर अहवाल 'नॉर्मल', प्रत्यक्षात काम अर्धवट. त्यात डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध दिले जाते. त्याचा परिणाम यंत्रातून सुटल्यावरही काही तास टिकतो. अनेकांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असते. आणि मूळचे हिमोग्लोबिनच दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. धडधाकट माणूस तेरा-चौदावरून दहावर आला तरी तग धरतो. जो नऊवर आहे त्याच्यापाशी गमवायला शिल्लकच नसते.

रक्त येते कोठून? बहुतेक वेळा जठरातील किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्सरमधून अथवा सुजलेल्या आतील आवरणातून. याशिवाय या रुग्णांत आतड्याच्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्यांचे नाजूक, फुगीर पुंजके तुलनेने जास्त आढळतात. त्यांतून पोटात न दुखता रक्त झिरपते, थांबते, पुन्हा झिरपते. "पोट दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

जठरातील रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत पचते आणि काळे पडते. त्या शौचाचा रंग डांबरासारखा असतो, ते चिकट असते आणि त्याला एक विशिष्ट उग्र घाण असते. एकदा अनुभवलेला माणूस ती विसरत नाही. लोहाच्या गोळीनेही शौचास काळपट-हिरवट होते, परंतु ते बांधलेले असते व तशी घाण नसते. तरीही डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांनी हा न्यायनिवाडा स्वतः करू नये. काळे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लाल रक्ताची उलटी किंवा शौचावाटे लाल रक्त आणि घेरी असे झाल्यास थांबूच नये, १०८ला फोन करावा.

आता उपचारातील पेच पाहा. साध्या माणसाचे रक्त गेले तर सलाईन लावता येते, रक्त देता येते, जादा झालेले पाणी लघवीवाटे निघून जाते. येथे लघवीच होत नाही किंवा नाममात्र होते. दिलेली प्रत्येक बाटली शरीरातच राहते आणि फुफ्फुसात पाणी भरू शकते. दिलीच नाही तर रक्तदाब कोसळतो, आणि रक्तदाब फार वेळ खाली राहिला तर हातावरची फिस्टुलाही गोठून बंद पडू शकते. दुसरा पेच पोटॅशियमचा. आतड्यात उतरलेले रक्त शरीराच्या दृष्टीने अन्नच, ते पचते आणि त्यातील पोटॅशियम पुन्हा रक्तात शोषले जाते. बाहेर टाकणारी मूत्रपिंडे नाहीत. पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडते. म्हणजे रक्तस्राव चालू असला तरी डायलिसिस फार लांबवता येत नाही, आणि नेहमीसारखे हेपॅरिन देऊन करताही येत नाही.

यावर मार्ग आहे. हेपॅरिनशिवाय डायलिसिस करता येते. मधूनमधून सलाईन सोडून यंत्रातील नळ्या धुतल्या जातात. रक्त द्यायचे असल्यास ते शक्यतो डायलिसिस चालू असतानाच देतात, म्हणजे जादा पाणी व पोटॅशियम तेव्हाच काढता येते. दुर्बिणीतून जठराची तपासणी करून वाहती जागा क्लिप लावून, इंजेक्शन देऊन किंवा शेकून बंद करता येते. पण हे सारे केव्हा शक्य? डायलिसिस केंद्रातील तंत्रज्ञाला आधी कळले तर. केंद्रात शिरताच पहिले वाक्य असावे, "शौचाला काळं होतंय, हेपॅरिन देण्याआधी डॉक्टरांना विचारा." गुरुजींच्या मुलाकडे मी चिठ्ठी दिली ती हीच. त्यांना यंत्राकडे न नेता आधी रुग्णालयात दाखल करण्यात आले. जठरात अल्सर सापडला, क्लिप लावून तो बंद केला आणि सहाव्या दिवशी ते घरी आले.

दीड महिन्याने ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

घरच्यांना वाटले, पोटाचे तर बरे झाले होते, हे दुसरेच काही आले. परंतु ते पूर्णपणे दुसरे नव्हते. हाँगकाँगमधील एका रुग्णालयात १९९३ ते २००५ या काळात अल्सरमधून रक्तस्राव झालेल्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी शंभरात सुमारे सहा दगावले, आणि दगावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रक्त वाहून गेले नव्हते. हृदय, फुफ्फुसे, अन्य अवयव निकामी होणे, कर्करोग अशी कारणे होती. हे सारे डायलिसिसवरचे रुग्ण नव्हते. डायलिसिसवरच्या रुग्णाचे हृदय आधीच थकलेले असल्याने त्याचा धोका याहून बराच मोठा असतो, आणि तो रक्त थांबल्यानंतरही अनेक महिने मागे लागतो. रक्त कमी झाले की हृदयाला प्राणवायू कमी पडतो, ॲस्पिरिन बंद केलेले असते, खाणे तुटते, जंतुसंसर्ग लवकर होतो. शिवाय तोच रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो.

म्हणून घरी सोडताना डॉक्टरांना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ॲस्पिरिन किंवा स्टेंटसाठीची गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची? ती आपण होऊन बंद करणे आणि आपण होऊन सुरू करणे, दोन्ही घातक. अल्सरला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी झाली का? हा जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियातील वॉरेन आणि मार्शल यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना २००५चे नोबेल मिळाले. तो मारला तर अल्सर परत होण्याची शक्यता पुष्कळ घटते. आम्लता कमी करणारी गोळी किती दिवस? हिमोग्लोबिन पुन्हा केव्हा तपासायचे? पुढचे काही डायलिसिस हेपॅरिनविना का? गुरुजींच्या कागदांवर ॲस्पिरिनपुढे 'बंद' एवढेच लिहिले होते. पुन्हा केव्हा, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. चक्कर आली म्हणून शेजारी प्रेमाने नारळपाणी आणून देतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते, ते देऊ नये. जळजळीसाठी दुकानात मिळणारी बाटलीतील आम्लनाशके बहुधा ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमची असतात, ती या रुग्णांच्या शरीरात साठतात. काळे शौच सुरू असताना दुर्बिणीच्या तपासणीसाठी पोट रिकामे लागते, म्हणून वाटेत चहा-बिस्किटाचा आग्रहही नको. सुई टोचायची वेळ आली तर फिस्टुलाचा हात पुढे करू नये. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या मिश्रणाच्या गोळ्या, कोणी कितीही खात्री दिली तरी, आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल प्रमाणात चालते, पण गोळीच्या पाकिटावर पॅरासिटामॉलच्या जोडीला दुसरे नाव आहे का, ते वाचून घ्यावे. गुरुजींच्या खिशात सापडलेल्या पाकिटावर दोन नावे होती.